तासांचा हिशेब कोणाच्या दप्तरी?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात शाळा-मंडळाच्या प्रत्येक निवडणुकीपूर्वी एक छोटासा विधी पार पडतो. निवडणुकीच्या आधीच्या शेवटच्या नियमित सभेत मंडळाचे अध्यक्ष एक यादी वाचतात. सक्तीच्या प्रशिक्षणाचे ठराविक तास कोणत्या सभासदाने पूर्ण केले, कोणी त्याहून अधिक केले आणि कोणाचे कमी पडले हे नावानिशी सांगितले जाते व सभेच्या इतिवृत्तात नोंदले जाते. मुदत उलटूनही एखाद्या सभासदाचे तास अपुरे राहिले असतील तर ते इतिवृत्त कामकाजाच्या दहा दिवसांच्या आत शाळा-जिल्ह्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागते आणि उणीव भरून निघेपर्यंत ते तेथून काढता येत नाही. यादी वाचण्यास दोन मिनिटेही लागत नसतील. ऐकणारेही बहुधा थोडेच. तथापि लोकनियुक्त प्रतिनिधीने आपल्या कामाची माहिती करून घेतली की नाही, ही मतदाराला कळावयास हवी अशी गोष्ट आहे, हे तत्त्व कायद्याने इतक्या सरळपणे मान्य केल्याची उदाहरणे फारशी आढळत नाहीत.

या मंडळांचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेतील 'शाळा-जिल्हा' म्हणजे आपल्याकडील महसुली जिल्हा नव्हे. त्याच्या सीमा स्वतंत्र असतात, त्याला मालमत्तेवर कर बसविण्याचा अधिकार असतो आणि त्याचा कारभार बहुतेक ठिकाणी मतदारांनी निवडून दिलेल्या मंडळाकडे असतो. एकट्या टेक्सासमध्ये असे एक हजाराहून अधिक शाळा-जिल्हे आहेत. प्रत्येकी साधारण सात सभासद धरले तर सात हजारांवर माणसे पन्नास लाखांहून अधिक मुलांच्या शाळांचा कारभार पाहतात, असा हिशेब निघतो. या कामाचा मोबदला त्यांना मिळत नाही. कोणी शेती करणारा, कोणी दंतवैद्य, कोणी दुकानदार, कोणी निवृत्त शिक्षिका. अंदाजपत्रक मंजूर करणे, कराचा दर ठरविणे, इमारतींसाठी कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवणे आणि जिल्ह्याचा सर्वाधिकारी जो सुपरिंटेंडेंट त्याची नेमणूक करणे, ही कामे त्यांच्याकडे असतात. उमेदवारीसाठी शिक्षणशास्त्राची अथवा हिशेबशास्त्राची पदवी लागत नाही, आणि लागूही नये. मात्र निवडून आल्यानंतर शिकावयाचे की नाही, हा प्रश्न निराळा आहे.

टेक्सासच्या नियमावलीने त्याचे उत्तर तासांत दिलेले आहे. नव्या सभासदास आपल्या जिल्ह्याची ओळख करून घ्यावी लागते आणि राज्याच्या शिक्षण-संहितेचा परिचय करून घ्यावा लागतो. विधिमंडळाचे प्रत्येक अधिवेशन संपले की बदललेल्या कायद्यांची माहिती घ्यावी लागते. पहिल्या वर्षी आणखी दहा तास आणि पुढे दरवर्षी पाच तास ही सर्वसाधारण अट. सर्व सभासदांनी सुपरिंटेंडेंटसह एकत्र बसून दरवर्षी तीन तास घालवावयाचे ही आणखी एक. 2017 च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या प्रगतीचे मूल्यमापन कसे वाचावे यासाठी दर दोन वर्षांनी तीन तास वाढविले. 2019 मध्ये बालकांवरील अत्याचारांना प्रतिबंध आणि संगणक-सुरक्षा हे विषय त्यात आले. खुल्या सभांविषयीचा कायदा आणि सार्वजनिक माहितीविषयीचा कायदा यांचे एकवेळचे प्रशिक्षण वेगळेच. एका सभासदाच्या नावावर अशी सात-आठ खाती निघतात, त्यांच्या मुदती निरनिराळ्या असतात, आणि सभासद निवडणुकीने आला की मधल्या रिकाम्या जागेवर नेमला गेला यावर मुदतीचा आरंभ अवलंबून राहतो. हिशेब ठेवणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते यात नवल नाही.

हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर टेक्सासमध्ये शोधण्यापेक्षा न्यूयॉर्क राज्यात शोधणे अधिक उद्बोधक ठरेल.

रॉझलिनचा धडा

न्यूयॉर्क शहरालगतच्या लाँग आयलंडवर रॉझलिन नावाचा सुखवस्तू शाळा-जिल्हा आहे. तेथील शाळांचा लौकिक मोठा, मुले नामांकित विद्यापीठांत जाणारी, आणि सुपरिंटेंडेंट फ्रँक टॅसोन हे पालकांच्या आदराचा विषय. 2002 मध्ये मंडळाच्या कानावर असे आले की, जिल्ह्याचा आर्थिक व्यवहार सांभाळणाऱ्या उच्चाधिकारी पामेला ग्लुकिन यांनी जिल्ह्याच्या पैशांतून खासगी खर्च केलेला आहे. रक्कम त्या वेळी अडीच लाख डॉलरच्या आसपास समजली गेली. टॅसोन यांच्या सल्ल्याने मंडळाने पोलिसांकडे न जाता प्रकरण आपसांत मिटविले. पैसे परत घेतले, राजीनामा घेतला आणि गावाला काही कळू दिले नाही. दोन वर्षांनी, 2004 मध्ये, एक निनावी पत्र फिरू लागले. शाळेतील विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने ती बातमी छापली आणि मग एकेक पान उलगडत गेले. सल्ला देणारे टॅसोन हे स्वतःच त्या लुटीत सामील होते. राज्याच्या महालेखापालांच्या 2005 मधील तपासणीत एकूण अपहार 1 कोटी 12 लाख डॉलरचा निघाला. टॅसोन आणि ग्लुकिन या दोघांनाही 2006 मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली.

या प्रकरणातील खरा प्रश्न चोरांचा नाही. चोर कोठेही असतात. प्रश्न त्या मंडळाचा आहे. सभासद अडाणी नव्हते, अप्रामाणिकही नव्हते. परंतु अधिकाऱ्यावर देखरेख करणे म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवणे नव्हे, एवढी साधी गोष्ट त्यांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. अपहाराची कुणकुण लागल्यावर, ज्याच्या हाताखाली तो घडला त्याच अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावयाचा नसतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. अर्थशास्त्रात मालक आणि मुनीम यांच्या संबंधांचा जो विचार केला जातो त्याचे हे ढळढळीत उदाहरण आहे. माहिती सर्व मुनिमाकडे असते. मालकाला जे समजते ते मुनीम सांगेल तेवढेच. ही दरी बुजवावयाची तर मालकाने निदान हिशेब वाचावयास शिकले पाहिजे.

न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने 2005 मध्ये तसा कायदा केला. अंतर्गत हिशेबतपासणी, लेखापरीक्षण समिती इत्यादी सुधारणांबरोबर मंडळाच्या प्रत्येक नव्या सभासदाने पहिल्या वर्षाच्या आत आर्थिक देखरेख व विश्वस्ताची कर्तव्ये या विषयांचे सहा तासांचे प्रशिक्षण घेतले पाहिजे, अशी अट त्यात घातली गेली. प्रशिक्षण पुरे झाल्याचे प्रमाणपत्र जिल्ह्याच्या चिटणिसाकडे दाखल करावयाचे असते.

आणि तेथे ते पडून राहते. न्यूयॉर्कच्या योजनेतील उणीव नेमकी येथे आहे. प्रमाणपत्र दप्तरात गेले की कायद्याचे समाधान झाले. ते दप्तर कोणी उघडून पाहावे अशी सोय नाही, आणि न उघडल्यामुळे कोणाचे काही बिघडतही नाही. रॉझलिनमध्ये पैशांच्या पावत्याही दप्तरातच होत्या.

दप्तर, फलक आणि शिक्षा

इतर राज्यांनी निराळ्या वाटा धरल्या. इलिनॉय राज्याच्या 2011 च्या कायद्याने सभासदांना पहिल्या वर्षात किमान चार तासांचे प्रशिक्षण सांगितले आणि ज्यांनी ते पूर्ण केले त्यांची नावे जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावावीत असे फर्मावले. म्हणजे इलिनॉयमध्ये फलकावर नाव लागते ते प्रशिक्षण घेणाऱ्याचे. टेक्सासमध्ये डोळ्यांत भरते ते न घेणाऱ्याचे. दोन्हींचा अर्थ गणिताच्या दृष्टीने एकच, कारण एकूण सभासद किती हे सर्वांना ठाऊक असते. मतदाराच्या दृष्टीने मात्र तो एक नाही. नसलेले नाव शोधण्याची तसदी सामान्य माणूस घेत नाही.

न्यू जर्सी याच्याही पुढे गेले. तेथे शाळा-नीती आयोग आहे. प्रशिक्षण चुकविणाऱ्या सभासदाला तो खुलासा विचारू शकतो, ठपका ठेवण्याची, निलंबनाची, प्रसंगी पदावरून दूर करण्याचीही शिफारस राज्याच्या शिक्षण-आयुक्तांकडे करू शकतो. शिस्तीच्या दृष्टीने ही व्यवस्था चोख म्हणता येईल. परंतु मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाला प्रशिक्षणाचे काही तास चुकविले म्हणून सरकारी आयोगाच्या शिफारशीवरून घरी पाठवावे काय, हा प्रश्न लोकशाहीवर निष्ठा असणाऱ्यास अस्वस्थ करील असाच आहे. ज्ञानाची अट घालून प्रतिनिधित्व नाकारण्याचा इतिहास अमेरिकेला परका नाही. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या नागरिकांचा मताधिकार हिरावून घेण्यासाठी साक्षरतेच्या परीक्षा वापरल्या गेल्या आणि त्यांना कायद्याने कायमचा पायबंद बसण्यास 1975 हे वर्ष उजाडावे लागले. मतदाराची परीक्षा आणि प्रतिनिधीचे प्रशिक्षण या गोष्टी अर्थातच एक नव्हेत. पण निवडून आलेल्यास काढून टाकण्याचे हत्यार कोणाच्या हाती द्यावे याविषयी सावध राहण्यास एवढा इतिहास पुरेसा आहे.

म्हणूनच टेक्सासचा मार्ग तत्त्वतः सर्वांत ग्राह्य वाटतो. तेथे तास अपुरे राहिले म्हणून सभासदाचे पद जात नाही, त्याचे मत रद्द होत नाही. शिक्षा एकच: गोष्ट उघड होते, आणि तीही मतदार निर्णय घेणार असतात त्याच्या तोंडावर. निकाल देणारे मतदारच राहतात. अशी शिक्षा राबविण्यास खर्चही जवळजवळ येत नाही. पोलीस नको, आयोग नको, सुनावणी नको.

हिशेब लिहिणारा हात

परंतु तत्त्व चांगले म्हणून व्यवहार चांगला होतोच असे नाही. टेक्सासच्या व्यवस्थेची नाजूक बाजू अशी की, हा हिशेब प्रत्यक्ष लिहितो कोण? प्रशिक्षण देणारी संस्था राज्याकडे नोंदलेली असते; ती सभासदाला प्रमाणपत्र देते. ते जिल्ह्याच्या कचेरीत जमा होते आणि तेथील कोणी कर्मचारी, बहुधा सुपरिंटेंडेंटच्या हाताखालचा, त्याची नोंद करतो. या कर्मचाऱ्याचा वरिष्ठ तो सुपरिंटेंडेंट, आणि सुपरिंटेंडेंटची नेमणूक, वेतन व मुदतवाढ ज्यांच्या हाती ते हेच सभासद! "साहेब, तुमचे अडीच तास कमी आहेत," असे मालकाला बजावण्याची जबाबदारी त्याच्या नोकराच्या नोकरावर येऊन पडते. यादी वाचावयाची ती अध्यक्षांनी. त्यांना आपल्या सहकाऱ्याचे, क्वचित स्वतःचेही नाव उणिवेच्या सदरात उच्चारावे लागते. बहुसंख्य ठिकाणी हे सरळपणे होत असेल. पण कायद्याची परीक्षा सज्जनांच्या गावात होत नसते.

दुसरा हितसंबंध पैशाचा आहे. प्रशिक्षणाचा मोठा वाटा मंडळांच्या राज्य-पातळीवरील संघटना पुरवितात. त्यांची वर्गणी हीच मंडळे भरतात, शिबिरांचे आणि संमेलनांचे शुल्कही ती जिल्ह्याच्या निधीतून देतात, आणि सभासदांच्या तासांची नोंद ठेवण्याची सोयही पुष्कळदा संघटनाच करून देते. शिकविणारा, गुण देणारा आणि गुणपत्रक सांभाळणारा एकच, आणि त्याचे गिऱ्हाईक म्हणजे परीक्षार्थी. संघटनांच्या प्रामाणिकपणाबद्दल येथे शंका घ्यावयाची नाही. त्यांचे अभ्यासक्रम चांगलेही असतील. परंतु गिऱ्हाइकाला नापास करण्यात कोणत्याच दुकानदाराला रस नसतो. शिवाय येथे नापास होण्याचा प्रश्नच नाही, कारण परीक्षा नाहीच. तास भरले की झाले.

तास हे मुळात श्रमाचे माप आहे, फळाचे नव्हे. शेतमजुराने किती तास कुदळ चालविली ते मोजता येते, पीक किती आले तेही मोजता येते. प्रतिनिधीच्या शहाणपणाचे पीक कोणत्या मापाने मोजावे? ते मोजता येत नाही म्हणून तास मोजले जातात. यात गैर काही नाही, फक्त मोजणाऱ्याने आपण काय मोजतो आहोत हे विसरता कामा नये. ह्यूस्टनचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. खुल्या सभांच्या कायद्याचे प्रशिक्षण टेक्सासमधील लोकनियुक्त अधिकाऱ्यांना 2006 पासून बंधनकारक आहे. तरीही राज्याच्या शिक्षण खात्याने 2019 मध्ये केलेल्या चौकशीच्या अहवालात ह्यूस्टनच्या मंडळातील काही सभासदांवर नेमका हाच कायदा मोडल्याचा ठपका ठेवण्यात आला. त्याला एका शाळेच्या अनेक वर्षांच्या निकृष्ट निकालांची जोड मिळाली, न्यायालयीन झगडा झाला, आणि अखेर जून 2023 मध्ये राज्याने निवडून आलेल्या नऊ सभासदांचे अधिकार काढून घेऊन आपले नऊ व्यवस्थापक नेमले. हा निर्णय योग्य की अयोग्य यावर टेक्सासमध्ये तीव्र मतभेद आहेत. वादातीत गोष्ट इतकीच की, जवळजवळ दोन लाख मुलांच्या शाळांवरील मतदारांचा प्रत्यक्ष ताबा त्या दिवशी संपुष्टात आला. वर्गात बसल्याची नोंद आणि वर्गात शिकलेले आचरणात येणे, यांतील अंतर एवढे महाग पडू शकते.

नोंद आणि वस्तुस्थिती यांतील हे अंतर महाराष्ट्राला नवे नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी शाळांची पटपडताळणी झाली तेव्हा हजेरीपटावरची मुले आणि वर्गातली मुले यांचा मेळ अनेक ठिकाणी बसला नव्हता, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. तो मेळ बसत नाही हे उघड झाले ते बाहेरच्या माणसाने येऊन डोकी मोजली म्हणून. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने येथे शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. त्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. त्यांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी कधी तरी गावापुढे वाचल्या जाव्यात असे कोणास वाटलेच, तर त्या लिहिणारा हात कोणाचा असावा, हा टेक्सासचा प्रश्न येथेही तसाच उभा राहील.

सक्तीच्या तासांविरुद्ध केला जाणारा एक आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्याचा विचार पुरेसा होत नाही. सभासदाला मोबदला नाही. वकील किंवा डॉक्टर आपल्या सोयीने दोन दिवसांच्या शिबिरास जाऊ शकतो, आणि शिबिर बहुधा मोठ्या शहरातल्या हॉटेलात असते. कारखान्यात पाळीवर काम करणारा, तासावर मजुरी घेणारी परिचारिका, ट्रक चालविणारा यांना प्रत्येक तासाची किंमत रोखीने मोजावी लागते. प्रवासखर्च जिल्ह्याने दिला तरी बुडालेली मजुरी कोणी देत नाही. दहा तास सर्वांना सारखेच, पण त्यांचा भार सारखा नाही. परिणामी उणिवेच्या यादीत ज्याचे नाव वाचले जाते तो आळशी असतोच असे नाही, कदाचित तो मंडळातील सर्वांत गरीब सभासदही असू शकेल. गरीब वस्तीतील पालकांचा जो एकुलता एक प्रतिनिधी मंडळावर पोचला, त्याच्याच कपाळी हा शिक्का बसावा हे कायदा करणाऱ्यांना खचितच अभिप्रेत नव्हते. घरबसल्या संगणकावर घ्यावयाच्या पाठांची सोय आता वाढलेली आहे आणि तिने हा भार बराच हलका केला आहे. मात्र पडद्यापुढे सभासद बसला होता की नुसता पाठ चालू होता, याचा हिशेब ठेवणे त्याहूनही अवघड होऊन बसले आहे.

यावर उपाय अशक्य कोटीतील नाहीत. तास भरण्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई जिल्ह्याने द्यावी; संमेलनाच्या शुल्कापुढे ती रक्कम किरकोळ ठरेल. नोंदवही सुपरिंटेंडेंटच्या कचेरीतून बाहेर काढून, टेक्सासमध्ये जी वीस प्रादेशिक शिक्षण-सेवा केंद्रे आहेत त्यांच्याकडे सोपवावी. ही केंद्रेही प्रशिक्षण देतात हे खरे, परंतु ती निदान सभासदांच्या नोकरांची नोकर नाहीत. एकूण तासांचा नुसता आकडा न देता विषयवार उतारा जाहीर व्हावा. अंदाजपत्रकाच्या समितीवर बसलेल्याने हिशेबाचा एकही पाठ घेतलेला नसेल आणि सारे तास नेतृत्वगुणांवरील व्याख्यानांत घालविलेले असतील, तर ते मतदाराला कळले पाहिजे. कायद्याच्या दृष्टीने असा सभासद आज निर्दोष, किंबहुना 'अधिक तास करणारा' म्हणून गौरवासही पात्र ठरू शकतो.

सर्वांत मोठी दुरुस्ती हवी ती वाचनाच्या जागेत. शाळा-मंडळांच्या निवडणुकांत मतदान एरवीही कमी होते, आणि जे मतदान करतात त्यांतील फार थोडे मंडळाच्या सभेला जातात. उणिवेची घोषणा होते ती सभागृहातील रिकाम्या खुर्च्यांपुढे. संकेतस्थळावर इतिवृत्त असते, पण कित्येक पानांच्या, बसगाड्यांच्या कंत्राटांपासून छपरांच्या दुरुस्तीपर्यंतच्या ठरावांमध्ये ती एक ओळ कोठे आहे हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ती सापडावी. निवडणुकीच्या अधिकृत सूचनेत उमेदवाराच्या नावाशेजारी, तो विद्यमान सभासद असल्यास, त्याच्या तासांचा उतारा छापण्यास दोन ओळींहून अधिक जागा लागणार नाही. नव्या उमेदवारालाही त्यात अडचण पडू नये, कारण काही प्रशिक्षण निवडून येण्यापूर्वीच घेण्याची मुभा टेक्सासच्या नियमांनी दिलेली आहे. तूर्त तो उतारा सभेच्या इतिवृत्तापर्यंत जातो आणि तेथेच थांबतो. मतदाराच्या हाती जो कागद पडतो, त्यावर तो नसतो.